डॉक्टरीणबाईंची मेंढ्यांची शिकवणी

१८ एप्रिल. दुपार.
आले बाई एकदाची नारीन शहरात, मुलाच्या फ्लॅटवर. चौथा मजला. गावी असते तर हे सगळं घोडीला सांगितलं असतं. इथे घोडी नाही, म्हणून वहीत लिहितेय. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढे कोकरं आली.
कारण मोठं आहे. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, दामिरा, त्यांना जनावरांच्या दुखण्यांवरून माणसांची दुखणी शिकायचीत. त्यासाठी अख्ख्या खोऱ्यात मीच पाहिजे, असं तश्तान म्हणाला. तश्तान म्हणजे माझा मुलगा. म्हटलं, दहा दिवस देते. वीस मेला कळप उन्हाळी कुरणावर निघतो, त्याच्या आत गावी सोड. हो आई, म्हणाला. बुटांकडे बघत म्हणाला. बापासारखाच लाजाळू.
जिन्यात चार वेळा थांबले. दमले नव्हते. कुठल्या मजल्यावर कोण राहतं ते बघायला नको?

२० एप्रिल.
पहिली शिकवणी. डॉक्टरीणबाई म्हणजे पोरगीच. माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून भुवया वर. म्हटलं, बाई, मोकळी घोडी पकडून लगेच छातीला कान लावाल तर आत ढोल वाजणारच. आधी तिला चरू द्या. हसल्या. चहा आणि पाव मागवला. अर्ध्या तासाने परत पट्टा. आकडा उतरला! पुरेसा नाही उतरला, असं काहीतरी पुटपुटल्या, पण लिहून घेतलं सगळं. हुशार आहेत.
जाताना गोळ्यांची डबी भेट दिली. रोज एक म्हणे. रक्तही घेतलं, घोडीच्या रक्ताशी ताडून बघायला असेल.

२४ एप्रिल.
आज लपवणं शिकवलं. आजारी मेंढी कळपात आजार लपवते, कारण लांडगा लंगडणारीच निवडतो. तुम्ही बघताय तोवर मान घालून चरेल, तुमची पाठ वळली की तोंड बंद. म्हणून मेंढी बघायची ती भिंतीआडून. बाईंनी विचारलं, आणि माणूस, आजी? म्हटलं, माणसाला तोंड दिलंय देवाने, विचारलं की सांगतो. मग तुमचं काही दुखतं का, विचारलं त्यांनी. म्हटलं, छे.
तेव्हापासून सूनबाई, अनार, दाराच्या फटीतून बघतेय. काय गं? म्हणाली, काही नाही आई, केर काढतेय. हातात केरसुणी नव्हती.
भिंतीला हात लावून का चालता, असंही विचारते. नव्या इमारतीच्या भिंती पोकळ असतात, कोणी तपासायला नको?

२ मे.
दहाचे चौदा दिवस झाले. खिडकीला अनारने हिवाळ्यात चिकटवलेली पट्टी अजून तशीच, उघडत नाही. समोर दुसरी इमारत, तिच्या खिडकीत एक म्हातारी, ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. बिचारी अडकलेली दिसते.
माझे बूट सापडत नाहीत.
ठरवलं: उद्यापासून रोज जिना. चार मजले खाली, चार वर. वीसपर्यंत पाय मोकळे.

३ मे.
जिना उतरले. एक मजला. तिसऱ्या मजल्यावरची बाई फार मायाळू, दोन तास बसवून घेतलं. मग तश्तान आला आणि त्याने मला उचलूनच वर आणलं. आई, हलकी झालीस गं, म्हणाला. लेकाला माया दाखवायची तर काहीतरी निमित्त लागतं.
उद्या दोन मजले.

७ मे.
जिना राहिलाय. हवा दमट आहे.
माझ्या जावेचा, बुबुकानचा, फोन. ताई, तुम्ही निवांत राहा, यंदा तंबूतली चूल मी सांभाळते. मागे माझी कढई वाजत होती, मी ओळखते आवाज. हिच्या हाती दुधाच्या घोड्या! सड नुसते ओढते. राखाडी घोडी पान्हा चोरून उभी राहील. म्हटलं, वीसला मी येतेय, माझ्या जागेवर बसू नकोस.

११ मे.
आजची शिकवणी फार रंगली. बाई म्हणाल्या, आजी, खुबा दुखणारी मेंढी कशी चालते, दाखवाल? दवाखान्याच्या पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवलं. नर्सा कामं टाकून बघत उभ्या. मग म्हणाल्या, आता तुमच्या नेहमीसारखं चाला. चालले. त्यांना दोन्हींत फरकच कळेना! अजून कच्च्या आहेत.
नंतर खुब्याचा फोटो काढला.

१६ मे.
बाईंनी विचारलं, अशी खुबा दुखणारी मेंढी असेल तर वसंतात काय करता?
मी खुर्चीत ताठ बसले. आमच्या कळपात कोण वर जाणार आणि कोण नाही हे चाळीस वर्षं मी ठरवलं. नवरासुद्धा मध्ये बोलत नसे.
म्हटलं, न्यायची नाही. ओरडेल, फाटकाला डोकं लावून उभी राहील, राहू दे. दया येऊन नेलीत तर खिंडीच्या उतारावर मोडते, आणि तिथे सुरीशिवाय इलाज नाही. खाली ठेवायची. मऊ चारा, रोज थोडं चालवायचं. पाच-सहा वर्षं सहज काढते.
शब्द न् शब्द लिहून घेतला. सही करा म्हणाल्या. केली, मोठ्या अक्षरात.

१९ मे. संध्याकाळ.
बोचकं बांधून दारात बसले. बूट कुठायत, विचारलं. तश्तानने बुटांऐवजी दवाखान्यातला कागद आणि खुब्याचा तो फोटो आणला. कागदाच्या खाली माझी सही, ठीक. पण वरही माझंच नाव. म्हटलं, हे चुकलं, सांगणाऱ्याचं नाव एकदाच पुरे. तो म्हणाला, आई, वर रोग्याचं नाव असतं.
फोटो उजेडाला धरला. मेंढीचा नव्हता.
मग मी जे बोलले ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, मेंढीचं माणसाला कसं लागू होईल, मूर्खांनो? अनार शांतपणे म्हणाली, बरोबर आहे आई. मी बाईंना फोन लावते. सांगते, आमच्या आईंना मेंढ्यांमधलं काही कळत नाही, ते सगळं खोडा. मग उद्या पहाटे हे सोडतील तुम्हाला गावी.
मोबाइल हातात घेऊन उभीच राहिली, सटवी.

२० मे. सकाळ.
फोन लावू दिला नाही.
चाळीस वर्षांत माझं एका मेंढीबद्दल चुकलेलं नाही.
बुबुकानला मीच फोन केला. म्हटलं, राखाडी घोडीला आधी शिंगरू हुंगू दे, मग हात लाव. ती म्हणाली, ताई, निघालोय आम्ही, आता काय सांगताय! म्हटलं, बंद करू नकोस, खिशात ठेव.
ठेवला तिने. खूर, कुत्री, कोकरं, कोणीतरी कोणाला तरी शिव्या देतंय. खूप वेळ कानाशी धरून बसले.
अनार म्हणाली, आई, रेंज गेलीय, कधीचा बंद झालाय तो.
म्हटलं, थांब गं. मागच्या मेंढ्या अजून यायच्यात.