आत्यासाठी आणलेलं क्रीम

मनीषनगर, नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. जयवंता आत्यास,
मेघाचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन केला की आई शेजारी येऊन बसते आणि अर्धं बोलणं तीच करते. माझं पियुषशी जमल्याचं बाबांनी तुला कळवलंच असेल. लग्न फेब्रुवारीत. तो पॉलिटेक्निकला शिकवतो, कमी बोलतो आणि भजी माझ्यापेक्षा जास्त खातो.

सोबतच्या पार्सलात एक ट्यूब आहे. माझी मैत्रीण वैभवी पार्लर चालवते. तिच्यासोबत अख्खी दुपार दुकानात गेली. बीबी क्रीम म्हणजे ओलावा, हलका रंग आणि थोडं उन्हापासून रक्षण, सगळं एकाच ट्यूबमध्ये. सीसी हे त्याचंच भावंड, पण त्याचा भर डाग आणि लाली सारखी करण्यावर. म्हणून तुझ्यासाठी सीसी घेतलं. रंग हातावर पाहायचा नाही, जबड्यावर लावून बाहेर उजेडात पाहायचा, आणि जरा थांबायचं, कारण थोड्या वेळाने तो गडद होतो. तुझा-माझा रंग एक, म्हणून माझ्याच जबड्यावर लावून पाहिला. दुकानातली मुलगी सारखी दोन छटा उजळ ट्यूब काढून म्हणायची की हे लावा, उठून दिसाल. मी म्हटलं, मला माझ्यासारखंच दिसायचंय.

तुझ्या कपाळावरचे आणि ओठांजवळचे पांढरे डाग याने बरेच झाकले जातील, असं वैभवी म्हणते. आई म्हणते, लग्नात हे लावलंस तर पाहुणे उगाच काही विचारणार नाहीत. मलाही वाटतं, तुला मोकळं वाटेल. लावून पाहा आणि कळव.

संत्र्यांची पहिली पेटी माझी. लोभ मागत नाही, तो माझ्या हक्काचाच आहे.

तुझी
मेघा


खापा
२७ नोव्हेंबर

चि. मेघास,
जयवंताचे अनेक आशीर्वाद.

तुही ट्यूब पोहोचली. आंगणात आरसा घेऊन बसली आन लावून पायली. जिथं माहं कातडं सावळं हाय, तिथं गुळगुळीत झालं. जिथं पांढरं हाय, तिथं पिवळट झालं, भिंतीवर चहा उडाल्यावानी. म्हशीनंही मान वळवून पायलं.

रागावू नोको, पण एक इचारते. हे कोड आलं तवा मी तुह्याएवढीच होती. नवऱ्यानं त्याच वर्षी माहेरी आणून सोडलं. तवापासून संत्र्याची बाग मीच पायते, माल मीच नागपूरच्या कळमना मंडीत नेते. उन्हात पांढरं कातडं भाजते, ओठापाशी फोड येते. इतक्या वर्षांत उन्हासाठी मले कोणी काई पाठवलं नाई वं. आता पाठवलं, थे पाहुण्यांसाठी.

दुसरं. सावनेरच्या बाजारात तुह्या सासरकडची एक बाई भेटली. थे म्हणे की तुह्या बापानं, देवाजीनं, त्यायले सांगितलं, बहीण दूर रायते, तिले प्रवास झेपत नाई. खापा का विलायतेत हाय? संत्र्याच्या गाडीत बसून मी दर हप्त्याले नागपूरले येते, थो प्रवास नोहे का? तुह्या बापाले इचार, काहून खोटं बोलला.

लग्नाले येईन तं हेच तोंड घेऊन येईन. तोंड लपवून अक्षता टाकणार नाई. नाईतर घरूनच आशीर्वाद देईन, थो काई कमी नसते. आन उन्हाचं क्रीम कोणतं चांगलं, थे इचारून सांग.

खरं बोलली म्हणून माया आटली असं समजू नोको.

तुही आत्या
जयवंता


मनीषनगर, नागपूर
९ डिसेंबर

ती. आत्यास,
मेघाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गच्चीवर जाऊन वाचलं आणि बराच वेळ खाली उतरले नाही. मग बाबांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि पाणी मागितलं. आई म्हणाली की मुलीच्या भल्यासाठीच तसं सांगितलं. मी म्हटलं, माझं भलं एवढं नाजूक असेल तर ते लग्नाआधीच तुटू दे.

त्याच संध्याकाळी पियुषला सगळं सांगितलं. तो म्हणाला की त्याला काही अडचण नाही, पण त्याच्या आईला सांगावं लागेल. रविवारी त्या, अरुंधतीबाई, घरी आल्या. त्यांनी विचारलं की हे पुढे मुलांना होईल का. मी त्वचेच्या डॉक्टरांना भेटूनच आले होते. स्पर्शाने हे पसरत नाही, काही घरांत पुन्हा दिसतं, बहुतेक घरांत दिसत नाही, आणि खात्री कुणीच देऊ शकत नाही, हे जसंच्या तसं सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या की आत्यांना फक्त रिसेप्शनला आणा, हल्ली मेकअपने सगळं झाकता येतं. मी विचारलं, उद्या मला कोड आलं तर मलाही फक्त रिसेप्शनलाच बोलवाल का? त्या चहा न घेता उठल्या. साखरपुडा पुढे गेलाय. आई माझ्याशी बोलत नाही. मला भीती वाटते, पण शब्द मागे घेणार नाही.

आता क्रीम. डॉक्टर म्हणाले, उन्हाच्या क्रीमवर एसपीएफचा आकडा असतो, तो पन्नासचा घे. बीबी-सीसीवरही आकडा असतो, पण आपण ते चिमूटभर लावतो, म्हणून तो आकडा नुसता छापलेलाच राहतो. दोन बोटांवर भरून पट्टी ओढायची, तेवढं तोंडाला आणि मानेला. बागेत असशील तर दोन तासांनी पुन्हा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा, खाज आली तर लावू नकोस. एक रंगाचं आणि एक बिनरंगाचं पाठवतेय. कोणतं कधी लावायचं, की नाहीच लावायचं, ते तू ठरव.

चुकले असेन तिथे कान धर, पण जवळ घेऊन धर.

तुझी
मेघा


खापा
२० डिसेंबर

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

माह्यासाठी लग्न मोड असं मी म्हणत नाई, टिकव असंही म्हणत नाई. जे करशीन थे ताठ मानेनं कर.

परवा तुहा बाप आला, न सांगता. चिंचेखाली बाजेवर बसला आन पेरूच्या भावाबद्दल बोलत रायला. मी म्हटलं, देवाजी, मनातलं बोल. तं रडाले लागला. म्हणे, बाई, मले लोकायची भीती वाटली. मी म्हटलं, भीती तुले वाटली, आन लपवून मले ठेवलं? मंग मी चूल पेटवली. जेवला मात्र पोटभर.

सकाळी म्हणे, मीही कळमन्याले येतो. तिथं त्याच्या ओळखीचा एक अडत्या भेटला. त्यानं इचारलं, या बाई कोण? मी तोंड फिरवणार होती, सवय झाली ना. पण तुहा बाप अख्ख्या यार्डाले ऐकू जाईन असा बोलला की हे माही मोठी बहीण, हिनंच मले शिकवलं. तिथले हमालही काम थांबवून आमच्याकडं पायाले लागले. मीच लाजली.

बिनरंगाचं क्रीम लावून राहिली. या हप्त्यात फोड नाई. रंगाचं मनात आलं तं दिवाळीले लावीन, माह्या मर्जीनं.

तुह्या पाठीशी हाय, पडली तं उचलीन.

तुही आत्या


मनीषनगर, नागपूर
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

दीड महिन्याच्या अबोल्यानंतर काल अरुंधतीबाई आल्या. पियुषने घरी सांगितलं होतं की लग्न करीन तर मेघाशी, आणि तिची आत्या मांडवात पुढे बसेल. नाहीतर हॉल रद्द करा. त्या हसल्या नाहीत, पण आल्या, आणि या वेळी चहा घेतला. लग्न सोळा फेब्रुवारीला. पत्रिका द्यायला बाबा येताहेत, पण त्याआधी मी बोलावते. ये. हवी तशी ये.

वाट पाहणारी
मेघा


खापा
२६ फेब्रुवारी

चि. सौ. मेघास अनेक आशीर्वाद.

तू सासरी गेली आन मले घर सुनं वाटते, मी तं तुह्या घरी रायतही नव्हती! हळदीच्या वेळी तुह्या सासरच्या बाया कुजबुजत होत्या, थे मी पायलं. पण तुह्या बापानं वाटी माह्याच हातात देली आन पहिली हळद मले लावाले सांगितली. तू गाल पुढं केला, तवा मी अर्धी वाटी तिथंच रिकामी केली.

तुह्या सासूनं जेवणाच्या वेळी मले बाजूले नेलं. तिच्या गालावर वांगाचे काळे डाग हाय, पावडरीखाली. इचारे की उन्हाचं कोणतं क्रीम लावता. सांगितलं, दोन बोटं भरून लावा. बाई वाईट नाई वं, घाबरट हाय.

सासरी खरं बोलत जाजो, पण हळू आवाजात.

तुही आत्या


नागपूर
२३ मार्च

ती. आत्यास,
मेघाचा सा. न. वि. वि.

काल लग्नाच्या अल्बमचा नमुना आला. पियुष आणि मी पानं उलटत होतो आणि मला कळेना की काय चुकतंय. फोटोग्राफरने सगळ्यांचे चेहरे न विचारता गुळगुळीत केले होते. मी दोन छटा उजळ. सासूबाईंचे वांगाचे डाग गायब. आणि हळदीच्या फोटोत, माझ्या गालावर हात ठेवलेली, एकाच रंगाची कुणी परकी बाई.

मी नमुना घेऊन फोटोग्राफरकडे गेले. तो म्हणाला की सगळे हेच मागतात, त्याचे वेगळे पैसेही लावत नाही. मी म्हटलं, माझा रंग मला परत द्या. सासूबाई सोबत होत्या. त्या हळूच म्हणाल्या की माझे वांगाचे डाग तेवढे काढलेलेच राहू देत. मी म्हटलं, तुमचा चेहरा, तुम्ही ठरवा. मग त्याने तुझा फोटो पडद्यावर मोठा केला आणि विचारलं की या बाईंचे डागही तसेच ठेवायचे का, सगळे?

माझ्याआधी सासूबाईच बोलल्या. म्हणाल्या, सगळे ठेवा. आमच्या सुनेची आत्या आहे ती, ओळखू यायला हवी.

पत्राला उशीर केलास तर मीच येऊन धडकेन.

तुझी
मेघा