तांदळातलं नाव

२३ ऑक्टो., गुरुवार
भाऊबीज. दत्तू वैजापूरहून आला. ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली आणि जेवणानंतर पिशवीतून कागद काढला. हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा मी राजीखुशीने सोडते म्हणे. "अक्का, एक सही. समद्याच बहिणी करतेत." वाचून सांगते म्हटलं. त्यात वाचायचं काय, असं तोंड केलं त्याने.

२५ ऑक्टो.
दोनदा वाचलं. सातबाऱ्यावर मी कुसुम. आधारवर शालिनी. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं तेच. मला विचारलं नव्हतं. पदवी कुसुमची. शाळेतली नोकरी त्यापायी गेली. कुसुमच्या नावाचं नेमणूकपत्र घेऊन आलेल्या शाळेच्या शिपायाला सासरे म्हणाले, या नावाची बाई आमच्याकडे नाही. मी आत भाकरी थापत होते. बाहेर आले नाही.

२८ ऑक्टो.
विलास म्हणतो, मामाशी वाद कशाला, इथं तुला काय कमी आहे? काही नाही. गारखेड्यातलं घर त्याचं, गाडी त्याची, दोन जिने उतरायला हातही त्याचाच. "मग तुला हवंय काय, आई?" मी चहाचे कप उचलून आत नेले. स्वतःचाच राग आला.

३ नोव्हें.
आई आठवते. तिने माझ्या मामांच्या कागदावर अंगठा दिला, कशाचा ते न विचारता. शाई लुगड्याला पुसली. डाग गेला नाही. मला कॉलेजला पाठवावं म्हणून वडिलांशी आठ दिवस अबोला धरला. "पोरीला सही तरी येऊ द्या."
आली.

६ नोव्हें.
सही करायची तर दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र आधी लागतं. नोटरीने पुकारलं, कुसुम. मी "हजर" म्हणाले. तो हसला. लग्नानंतर अठ्ठावन्न वर्षांनी या नावाने कुणी पुकारलं, तेही हक्क सोडून देण्यासाठी.

१० नोव्हें.
दत्तूला फोनवर सांगितलं, अजून ठरलं नाही. तो म्हणाला, "अक्का, मग येणंजाणं राहायचं नाय बघ." धमकी नव्हती. रडवेला होता. धमकी असती तर सोपं होतं.

११ नोव्हें., सकाळी
रात्री दत्तूला ये म्हटलं. रजिस्ट्री कचेरीत जायला तयार आहे. भाऊबीजेची साडी नेसले नाही. पर्समध्ये पेन घेतलं तर विलास म्हणाला, तिथं सही असली तरी अंगठाही लागतो. शाई नसते, मशीनवर नुसता टेकवायचा.
म्हणजे डागसुद्धा राहायचा नाही.
खाली दत्तूचा हॉर्न. विलास जिन्यात हात पुढे करून उभा. डावा अंगठा मुठीत धरलाय. एवढं लिहून वही मिटते.