पोरीपासून लपवलेली बोली

शुक्र., ९ जाने.
इथे आखातात सुट्टी शुक्रवारची. चर्चहून आल्यावर गावी आईला व्हिडिओ कॉल. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती मराठी पार विसरलीय. उरली फक्त आमची कोर्लईची पोर्तुगीज बोली, नो लिंग. आई अनिशाशी भरभरून बोलत होती आणि आमची दहावीतली लेक नुसती मान हलवत राहिली. शेवटी आईने फोन माझ्या बहिणीकडे दिला. फार लाज वाटली. शिकवली नाही ती आम्हीच. आता कुणाला बोल लावणार?

रवि., ११ जाने.
वही केली. अनिशाला म्हटलं, शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी, सोप्पं आहे. 'मी जातो, गेलो, जाईन' लिहायला बसलो आणि माझंच अडलं. जन्मभर बोललो, व्याकरण कुणी बघितलंय? कोर्लईबाहेर ही बोली कुठे नाही. तिथली पोरंही आता मराठीच...

मंगळ., १३ जाने.
जेवताना मुद्दाम नो लिंगमध्ये भात मागितला. अनिशा दचकली. "पप्पा, हू डाइड?"
लीना हसली. मला नाही हसू आलं. भांडणं, आजारपणं, इकाम्याच्या (इथल्या राहण्याच्या परवान्याच्या) कटकटी, गावाकडची मरणं, पोरीला कळू नये ते सगळं आम्ही नवरा-बायको नो लिंगमध्येच बोलत आलो. तिच्या लेखी ही वाईट बातमीची भाषा.

गुरु., १५ जाने.
आईला भेटायला मागितलेली रजा नामंजूर. दुरुस्तीसाठी प्लांटचा शटडाऊन, मॅनेजर म्हणे मेनंतर बघू. तिकडे आई रोज बहिणीला विचारतेय, आले का? लीना म्हणाली, "आईंना इतक्यात सांगू नकोस." ठरलं, तिकीट मिळत नाही म्हणायचं. हेही बोललो नो लिंगमध्येच. जित्याची खोड! अनिशा तिथेच अभ्यास करत होती.

शुक्र., १६ जाने.
कॉल. आईने विचारलं, कधी येताय? मी तिकिटाची थाप सुरू केली. अनिशाने हातातून फोनच काढून घेतला. अडखळत, पण नो लिंगमध्ये, आजीला म्हणाली, "पप्पांना रजा नाही मिळाली. आम्ही येत नाही."
म्हणजे पोरीला सगळं कळत होतं! इतक्या वर्षांत काय काय बोललो आम्ही तिच्यासमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आई म्हणाली, "त्यांना राहू दे. तू एकटी येशील?"
अनिशाने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच मला नो लिंगमध्ये विचारलं, "काय सांगू?"
मी म्हटलं, सांग, पप्पा विचार करतायत. तो अजून चालूच आहे.