उत्तर ह्यांनीच द्यायचं

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी हे मोरीत घसरले. खुबा मोडला. चाकणला एक्सरे काढला, तिथून थेट चिंचवडच्या हॉस्पिटलात. उद्या ऑपरेशन. वर म्हणतात कसे, "पडलो न्हाई, बसलो." कपाळ माझं! बसलेल्या माणसाला उचलायला अख्खी गल्ली लागते होय?

भूल देणाऱ्या तांबोळी मॅडम येऊन गेल्या. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं बधिर करता येईल किंवा पूर्ण भूल, दोन्ही चालेल म्हणाल्या. मी म्हटलं, पूर्णच द्या. लेकीच्या, पल्लवीच्या बाळंतपणाला माझ्या पाठीत अशीच सुई मारली, ती पाठ अजून धरते. "काकू, त्या सुईनं अशी वर्षानुवर्षं पाठ दुखत नाही हो." दुखते कुणाची, त्यांची का माझी? ह्यांना विचारलं तर हे माझ्याकडे बघतात. मग मीच सांगून टाकलं. ह्यांना ऐकू कमी येतं. बाहेर सगळीकडे उत्तरं मीच देते, बँकेतसुद्धा.

५ नोव्हें., बुध.
झालं ऑपरेशन. संध्याकाळी डोळे उघडले, पाणी मागितलं. सुटले बाई.

६ नोव्हें., गुरु.
हे शहाण्यासारखे पडून. ना कटकट, ना सिस्टरवर आरडाओरडा. बरं वाटलं. राऊंडला लहान डॉक्टर आले, लातूरकडचा पोरगा, इकडं नवीन. नाव विचारलं, मी सांगितलं. वय विचारलं, मी सांगितलं. "आजोबा, आज वार काय आहे?" हे म्हणाले, "सुट्टी. कंपनी बंद हाय." डॉक्टरनं भुवया वर केल्या. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडं एमआयडीसीला गुरुवारीच सुट्टी असते. बरोबर बोलले ते." हसला, पुढच्या खाटेकडे गेला.

रिटायर होऊन किती वर्षं झाली ते काही त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

७ नोव्हें., शुक्र.
दुपारी पल्लवीला म्हणाले, "मॅडम, तुमी कोणत्या डिपार्टमेंटच्या?" आम्ही दोघी हसलो. परत तेच विचारलं. मग नाही हसलो.

संध्याकाळी सलाईन उपटलं. "मशीनमधी डाय अडकलीय, सोडा मला." अंगात कुठून एवढं बळ आलं देव जाणे. पोटच्या पोरीला ढकललं. कॉरिडॉरमध्ये पल्लवी म्हणाली, "पूर्ण भुलीनंच झालं हे. पाठीतलं घ्यायला काय झालं होतं तुला? बाबांना एकदा विचारायचं तरी." असेच राहिले तर ह्यांचं कसं आणि माझं कसं?

८ नोव्हें., शनि.
तांबोळी मॅडमना गाठलं. सरळ विचारलं, माझ्यामुळं झालं का? म्हणाल्या, पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं की वय झालेल्याला पाठीतलंच बरं, डोकं ताळ्यावर राहतं. अलीकडं खुब्याच्या पेशंटवर मोठे अभ्यास झाले, त्यात असा गोंधळ होण्यात दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. "म्हणजे माझ्यामुळं नाही?" "अभ्यास हजारोंचा असतो काकू. एकट्या काकांचं मी छातीठोक नाही सांगू शकत." काय बाई आहे! जरा खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?

मग म्हणाल्या, "गुरुवारीसुद्धा ते गोंधळलेलेच असणार. पेशंट गप्प पडून असला की हे लवकर ध्यानात येत नाही. त्यात उत्तरं तुम्ही देत होता." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चष्मा आणि कानाचं मशीन कुठं आहे विचारलं. घरी कपाटात! हरवेल म्हणून मीच जपून ठेवलेलं. लगेच आणवलं. दिवसा पडदे उघडे ठेवा, खुर्चीत बसवा, रात्री झोप मोडू नका, दुखू देऊ नका, घरचं माणूस जवळ हवं. एवढाच इलाज. मला वाटलेलं मोठं इंजेक्शन देतील.

११ नोव्हें., मंगळ.
आज चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ह्यो चहा हाय का कूलंट?" कूलंट म्हणजे मशीनवर सोडतात ते दुधाळ पाणी; बेचव चहाला हे नेहमी तेच म्हणायचे. रडूच आलं मला. पल्लवीला नावानं हाक मारली. ती माझ्याशी अजून तुटक. पण माझ्यासाठी डबा आणला, मेथीची भाजी. खाल्ली.

१५ डिसेंबर, सोम.
घरी. वॉकरवर अंगणापर्यंत जातात. कुणी आलं की म्हणतं, "अगदी पहिल्यासारखे झाले की!" मी हो म्हणते.

काल मिक्सर खोलला. कंपनीच्या टूलरूमला जन्म गेला, आमच्या अख्ख्या कुरुळी गावाचे मिक्सर ह्यांनी दुरुस्त केलेत. खोलला आणि नुसते बघत बसले. मग सगळे भाग पिशवीत भरून म्हणाले, "पल्लवीला बोलू नकोस." फोनवर मॅडम म्हणाल्या, काहींना महिने लागतात. आणि काहींना? ते मी विचारलंच नाही.

२ फेब्रुवारी, सोम.
तांबोळी मॅडमकडे आठवणीची तपासणी. आधीच मला बजावलं, "काकू, आज तुम्ही बोलायचं नाही." ह्यांना काही शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग तेच शब्द परत विचारले. हे सांगता सांगता थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. शब्द माझ्या जिभेवर नाचतोय! पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत बसले. बाळंतपण परवडलं.

मॅडम म्हणाल्या, नोव्हेंबरपेक्षा खूप बरं आहे. पुढं किती भरून येईल ते आज सांगता येत नाही. उन्हाळ्यात परत या.

रिक्षात विचारलं, "सगळं बरोबर आलं का गं?" ह्या माणसानं आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं बरोबर का म्हणून. मी म्हटलं, "हो."

"खोटं बोलू नको."

"दोन शब्द राहिले."

मोशीच्या सिग्नलला रिक्षा थांबली. मी कुठले ते सांगणार, तेवढ्यात माझा हात धरला. "थांब. तू सांगायचं न्हाई. मीच काढतो."

जेवण झालं, बातम्या झाल्या. अजून ओठ हलताहेत. एक सापडला. मी काही बोलत नाही.