नौपाड्यात घेतलेलं नाव

कोपरी, ठाणे पूर्व
१२ फेब्रुवारी २०२६

मेघालीच्या बाबांना नमस्कार.

इकडे सगळे मजेत. तुमची तब्येत कशी आहे? जहाजावरच्या पाण्यात टाकायच्या गोळ्या संपल्या असतील, तर पाणी तरी उकळून प्या. तुमचा फोन बंद पडल्यापासून ही लिहायची खटपट. या कागदाचा फोटो तिकडच्या बंदरातल्या फादरांना जाणार आहे. ते तुमच्या जहाजावर भाजीपाला घेऊन येतात ना, त्यांनाच.

मेघालीला माजिवड्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. सहदेवभावोजी जाळं विणायला बसलेत, पण वहिनीला अक्कल शिकवण्यातच त्यांचा दिवस जातो.

मीच तुम्हाला आणायला निघणार होते. मेघाली म्हणाली, "आई, तिकडचा व्हिसाच बंद केलाय आपल्याला." म्हणजे तुम्हाला जहाजावरून उतरता येत नाही आणि मला इथून निघता येत नाही. तुमच्या जहाजात बंदी घातलेल्या देशाचं तेल निघालं, हा गुन्हा. तेल विकणारे आणि घेणारे आपापल्या घरी जेवतायत. तुम्ही जहाजाचे सारंग, दोरखंड सांभाळणारे, तुम्हाला डांबून ठेवलंय. मला भयंकर राग येतो. भांडी घासतानासुद्धा येतो.

इथले फादरही हेच म्हणतात. हो, मी रविवारी नौपाड्याच्या चर्चमध्ये गेले होते. आधी हे सांगणारच नव्हते.

सगळ्या चर्चेसनी मिळून पत्रक काढलंय, की देशांची भांडणं देशांनी मिटवावीत, माणसांचं खाणं, औषध आणि येणंजाणं अडवू नये. फादरांनी ते मराठीतून वाचलं. मग म्हणाले, ज्यांचं माणूस जहाजावर अडकलंय त्यांनी उभं राहून त्याचं नाव सांगा, त्या नावाने तिकडचे फादर सुटकेचा अर्ज करतील.

तुम्ही शेवटच्या फोनवर बजावलं होतं, "माझं नाव कुठं देऊ नको. कॅप्टन म्हणतो, ज्याच्या घरचे बोंबलतील तो सगळ्यात शेवटी उतरेल." ते मला पाठ आहे. तरी मी उभी राहिले.

आणि तोंडातून शब्द फुटेना! कधी तुमचं नाव घेतलंय मी? लग्नामुंजीत, बायकांनी अडवलं तर, तेवढंच. मेघाली कुजबुजली, "आई, मी सांगू का?" मी म्हटलं, "गप्प बस. माझा नवरा आहे." आणि भर चर्चमध्ये उखाणाच बाहेर पडला.

खाडीला आली भरती, वर आला गाळ,
दामाजीरावांची वाट बघते संध्याकाळ-सकाळ.

पुढच्या बाकावरच्या बायका हसल्या, टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातही घेतात म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फादर हसले नाहीत. "आता पूर्ण नाव सांगा, ताई," म्हणाले. मी सांगितलं. जहाजाचंही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

सोमवारी जहाजाच्या कंपनीचा माणूस फोनवर, "चर्चच्या अर्जात तुमच्या मिस्टरांचं नाव कसं आलं? आता त्यांचा नंबर शेवटी." मेघाली रडली. भावोजी म्हणाले, "वहिनी, झाली ना हौस?" दोन दिवस मला अन्न गेलं नाही.

मी त्या माणसाला विचारलं होतं, "शेवटी म्हणजे कधी?" त्याला ठाऊक नव्हतं. "पहिला कधी उतरणार?" तेही त्याला ठाऊक नव्हतं. अहो, इथे कुणीच उतरत नाहीये. मग पहिलं काय नि शेवटचं काय! आपण मात्र मुकाट्याने बसून रांग धरली होती.

तुम्हाला त्यांनी त्रास दिला असेल, तर तो माझ्यामुळे. मला फार भीती वाटते. पण येत्या रविवारीही मी जाणार आहे आणि या वेळी उखाणा नाही, सरळ नाव घेणार आहे, मोठ्याने.

तुम्ही माझ्यावर चिडला असाल, हे मी धरूनच चालले आहे. चिडा. हवं तितकं बोला मला. पण ते इथे, घरात, माझ्यासमोर बसून बोला.

तुमचं न ऐकणारी,
तुमची मनू