बोरी अरबला दिलेला डवरा

९ जुलै
पुन्हा पुढे ढकललं! "दहा जुलैला बॅटरीचा डवरा येतोय" असा व्हिडिओ मीच सगळीकडे फिरवला आणि आज मीच आगाऊ नाव नोंदवलेल्या यादीतल्या तेवीस जणांना फोन करून सांगितलं, अजून थोडं थांबा. जीभ सुकली.

कारण एकच, बोरी अरबच्या कौसल्याबाई. त्यांना चाचणीसाठी पहिला डवरा दिला त्याला दोन आठवडे झाले. काल म्हणाल्या, "दांडा लय खाली हाय. मले वाकावं लागते." वाकायला लागू नये म्हणून तर केलं हे सगळं! हे कोळपं ओढायला बैल नको, जोडी नको. सायकलचं चाक, मागे मोटर, खाली तण कापणारी पास. एका बाईने चालत न्यायचं, बस्स. मग दांडा वर घेतल्याशिवाय विकू कसा?

माझा भाऊ अय्याजभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणाला, "पोळे तक. फिर ये कोना ट्रॉली के काम को लगेगा." वर्कशॉप त्याचं, मला दिलेला कोपराही त्याचाच. नागपूरची नोकरी सोडून इथे दारव्ह्याला आले ती मी. बोलू काय?

१० जुलै
ढाणकीचे फुलचंदभाऊ सकाळी सकाळी फोनवर तापले. "ताई, तण काय तुमच्यासाठी थांबते का?" नाव काढून टाका म्हणाले. काढलं. कळंबच्या दोघांनीही काढायला लावलं.

बोरी अरबच्या अकरा जणी मात्र अजिबात कुरकुरल्या नाहीत. उलट "सावकाश होऊ द्या" म्हणाल्या. बरी माणसं!

१४ जुलै
दांडा चार बोटं वर घेतला. जोडणीचे तुकडे आणि लांब पाना बाजारच्या टेम्पोबरोबर बोरीला पाठवले. लावून झाल्याचा कौसल्याबाईंचा फोनही आला. उद्या सगळ्यांना कळवते.

१५ जुलै
नाही कळवलं! कौसल्याबाईंचा पुन्हा फोन. "दांडा लय वर झाला. छातीले लागते."

अहो, कालपर्यंत वाकत होतात ना! एका दिवसात बाई बुटकी झाली? मी विचारलं, नीट उभं राहून पाहिलं का? तर म्हणाल्या, "पाह्यलं ना. लागतेच."

पावसात पाईप खाली सरकत असेल का? वर कसा सरकेल मग? डोकं चालत नाही.

२१ जुलै
आता म्हणे जड लागतो, बांधावरून उचलवत नाही. खरंच असेल. गेल्या वर्षी त्यांचं मनगट मोडलं होतं, म्हणून तर पहिला डवरा त्यांना दिला. निंदायला, तण उपटायला बसल्या की हात सुजतो आणि सुजला तरी बसतात. त्यांना जमलं तर कोणालाही जमेल, असा माझा हिशेब.

बॅटरी लहान केली. पुन्हा टेम्पो. पुन्हा आठ दिवस जाणार.

२८ जुलै
"एवढा हलका काहून केला? काळ्या मातीत उड्या मारते."

फोन ठेवला आणि अक्षरशः रडले. मग हसू आलं. मग पुन्हा रडू. अम्मी म्हणाली, पहले चाय पी.

गंमत अशी की बोरीच्या बाकीच्या दहा जणींना मी भीत भीत फोन केले. एक तरी चिडेल, एक तरी म्हणेल कंपनीचं मशीन घेते. नाही! रुपालीताई म्हणाल्या, "घाई कायले करता? चांगलं पक्कं होऊ द्या." बिजलीबाईसुद्धा तेच. एवढा धीर गिऱ्हाइकाला असतो? मी तर चहा उशिरा आला तरी कपाळाला आठी घालते. त्यांना डवरा नकोच आहे की काय? पण नाव काढता का विचारलं तर लगेच, "नाई नाई, राहू द्या!"

मला काहीच समजेनासं झालंय.

३ ऑगस्ट
बोरीला स्वतः जाऊन बघते म्हटलं. कौसल्याबाई घाईघाईने, "येऊ नोको बेटा, रस्त्यानं चिखल हाय." चिखलाची मला कधीपासून भीती?

तेवढ्यात नवीन तक्रार. बटण डाव्या हाताला पाहिजे.

मोडलेलं मनगट डावं आहे त्यांचं! डाव्या हाताला कशाला पाहिजे बटण?

९ ऑगस्ट
भाईने कोपऱ्यात ट्रॉलीचे अँगल आणून टाकले. पोळा बावीसला. यादीत आता चौदा नावं, त्यातली अकरा बोरीची.

१६ ऑगस्ट
शेवटी चिखल-बिखल ऐकलं नाही. "डवरा टेम्पोत टाकून पाठवा, सगळा उघडून पाहते" असं सांगितलं. आज आला.

मोटरवर तास मोजणारा मीटर मीच बसवला होता. दोनशे सोळा! कौसल्याबाईंचं रान दोन एकर. दोन एकरात दोनशे सोळा तास हे मशीन काय करत होतं? आधी वाटलं मीटर बिघडला. पण पास झिजून अर्धी राहिलीय. मुठीवर साडीच्या चिंध्या गुंडाळल्यात, एकावर एक, हिरवी, लाल, पिवळी, फुलाफुलांची. एका बाईकडे किती साड्या फाटतात!

भाईने पाहिलं आणि म्हणाला, "किराए पे चला रही है तेरी मावशी."

खरं वाटलं मला. देताना कागदावर स्पष्ट लिहून दिलं होतं की चाचणी एकीनेच करायची, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. मी फोन लावला आणि नको ते बोलले. "माझा डवरा भाड्याने फिरवलात ना? त्यासाठीच रोज एक खोट काढत होतात! उशीर तुमच्यामुळे झाला, कोपरा चालला माझा तुमच्यामुळे!"

त्यांनी फक्त विचारलं, "कोपरा चालला?" आणि फोन बंद.

१७ ऑगस्ट
जेवण गेलं नाही. भाड्याने फिरवलाही असेल, पण असं बोलायला नको होतं. त्या वयाने अम्मीएवढ्या.

१८ ऑगस्ट
दुपारी टेम्पो थांबला. कौसल्याबाई उतरल्या. मागून रुपालीताई, बिजलीबाई, आणखी आठ जणी. बोरीची माझी अख्खी यादी वर्कशॉपच्या दारात!

"भाडं नाई घेतलं बेटा. पाळी लावली होती. एकच मशीन, अन् तण तं सगळ्याइचंच वाढून राह्यलं होतं. तुह्या कागदावर एकीनंच म्हणून लिहेल होतं, म्हणून सगळ्याइचं गाऱ्हाणं माह्याच नावानं सांगत गेलो. याच्यानं तुहा कोपरा जाईन हे मालूम नव्हतं."

उंच रुपालीताई वाकत होत्या. बुटक्या बिजलीबाईंच्या छातीला लागत होतं. एक डावखुरी निघाली. आणि मी सव्वा महिना एकाच बाईचं अंग मोजत बसले!

कौसल्याबाईंनी पिशवीतून सुतळी काढली. प्रत्येकीला उभं करून, जमिनीपासून कंबरेपर्यंत माप घेऊन एकेक गाठ मारलेली. भाईने ती मशीनच्या पाईपला लावून पाहिली आणि खडूने भोकांच्या खुणा करायला लागला, म्हणजे दांडा जिला हवा तसा वर-खाली होईल. अँगल पायानेच बाजूला सारले.

मी गाठी मोजल्या. दहा.

"मावशी, तुमची कोणती?"

त्यांनी सुतळी बोटांतून फिरवून पाहिली. "माही? माही तं राह्यलीच."

मी त्यांना भिंतीला सरळ उभं केलं, खाली बसले आणि अकरावी गाठ मारली.