दानूची केस माझ्या हातात

१ जुलै २०२४, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज नोंद ठेवायची. हौस म्हणून नाही, रेकॉर्ड म्हणून. विषय: आमची दानू. कु. दानेश्वरी विरुपाक्ष अळगी, इयत्ता नववी.
शनिवारी तिचे वर्गशिक्षक सलगर सर यांनी बोलावलं होतं. म्हणाले, अळगीसाहेब, पोरगी हुशार आहे. तोंडी विचारलं की फाडफाड सांगते. कागद समोर ठेवला की गप्प होते. मला वाटतं, एकदा तपासून घ्या. शिकण्यातली अडचण असते काही मुलांना.
मी शांतपणे सांगितलं, सर, आमच्या घराण्यात हे शक्य नाही. आमचे आजोबा बसलिंगप्पा दुधनीत निम्म्या गावाचे अर्ज लिहून द्यायचे. मी स्वतः पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं ड्राफ्टिंग करतोय. साहेब लोक कॉमा बदलत नाहीत माझा.
प्रॉब्लेम एकच, सराव नाही.
संकल्प: रोज संध्याकाळी सहा ते सात शुद्धलेखन. माझ्या देखरेखीखाली.

२ जुलै
ऑफिसात उशीर. देखरेख उद्यापासून.

३ जुलै
उद्यापासून.

५ जुलै, शुक्रवार
देखरेख केली. एका पानात ‘पाऊस’ चार प्रकारे लिहिला. त्यात एक बरोबर होता. मी म्हटलं, बघ, येतंय की तुला. ती म्हणाली, पप्पा, यातला बरोबर कुठला ते मला कळत नाही.
उद्धटपणा वाटला. नंतर वाटलं, उद्धट नव्हती. खरंच विचारत होती.
शुद्धलेखन तूर्त स्थगित.

१३ जुलै, शनिवार
भाजी आणायला दानूला घेऊन गेलो. वाटेत एका गाड्यावर पाटी होती, ‘गरम भजी’. दानूने वाचलं, मगर भजी. मी इतका हसलो की गाडेवाला पण हसला. घरी येऊन बायकोला, महादेवीला, सांगितलं. तीही हसेल असं वाटलं. ती म्हणाली, दानू हसली का?
आठवून बघितलं. नव्हती हसली.

२० जुलै, शनिवार. दुपारी १
मुख्याध्यापिका हिरेमठ बाईंनी बोलावलं. मी एकटाच गेलो, अशा ठिकाणी बायकांचं काम नसतं.
बाई म्हणाल्या, अकरा वर्षं आमचा दहावीचा निकाल शंभर टक्के आहे. तुमच्या मुलीचं असंच राहिलं तर अवघड आहे. नववी झाली की शाळेतून काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. तिलाही टेन्शन नाही, आम्हालाही नाही.
म्हणजे शाळेचा शंभर टक्के वाचवायला माझी पोरगी घरी बसवायची. डोक्यात तिडीक गेली. मी अत्यंत कडक शब्दांत निषेध नोंदवला. मनातल्या मनात. उघडपणे एवढंच म्हणालो, विचार करतो, बाई.
घरी महादेवीला सांगितलं की बाईंना चांगलं सुनावलं. तिने विचारलं, नेमकं काय म्हणालात? मी म्हटलं, शब्द आठवत नाहीत, आशय कडक होता.

२१ जुलै, रविवार
निर्णय झाला. दानूची केस आता माझ्या हातात आहे.
नवीन फाईल उघडली. कव्हरवर सुबक अक्षरात विषय लिहिला. आत अनुक्रमणिका. फाईल जाड दिसावी म्हणून खाली दोन पुठ्ठे.
आईचा दुधनीहून फोन आला. निंगव्वा अळगी हे नाव घेतलं की तिथले सरपंच उठून उभे राहतात. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, होगली बिडो, सोडून दे की. पोरगी भाकरी चांगली करते. दानू शेजारीच उभी होती, तिला कन्नड सगळं कळतं. तिने फोन घेतला आणि म्हणाली, यव्वा, मला भाकरी येत नाही, मला विज्ञान येतं.
जबाबदाऱ्या वाटून दिल्या. मी: शासनस्तरावर पाठपुरावा. महादेवी: किरकोळ कामं.

२५ जुलै, गुरुवार
महादेवी दानूला घेऊन सरकारी रुग्णालयात गेली. तिथे म्हणे मुलांच्या चाचण्या घेतात आणि सर्टिफिकेट देतात. सलगर सरांनी पत्ता दिला होता. मी परवानगी दिली.
स्वतः जाणार होतो, पण ऑफिसात इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शन झालं नाही. पण होऊ शकलं असतं.
महादेवी घरी ब्लाऊज शिवते. आज मशीन बंद ठेवलं तिने. अजून तीन गुरुवार जावं लागणार.

३० जुलै
ड्राफ्टला सुरुवात. पहिलं पान प्रस्तावनेत गेलं. शिक्षणाचं महत्त्व.

१ ऑगस्ट, गुरुवार
महादेवी आणि दानू दुसऱ्यांदा गेल्या. मी पान पाचवर.
दानू परत आल्यावर खुशीत होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी एक मोठी गोष्ट वाचून दाखवली आणि परत सांगायला लावली. हिने नावागावासकट सांगितली, वर स्वतःचा एक मुद्दा पण जोडला. मग तीच गोष्ट वाचायला दिली. सहा ओळींना बारा मिनिटं लागली. बाईंनी घड्याळ बघितलं, पण घाई केली नाही, असं दानू दोनदा म्हणाली. पहिल्यांदाच कोणी घाई केली नाही.
ही माहिती ड्राफ्टमध्ये घेता येईल का बघायचं. जागा नाही, पान सहावर शासन निर्णयांची यादी येते.

१२ ऑगस्ट, सोमवार
अर्ज पूर्ण. अकरा पानं. नवीन टाइप करत बसण्यापेक्षा ऑफिसातलाच एक जुना नमुना घेऊन त्यावर मजकूर चढवला. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा हा फायदा.
मूळ प्रत शिक्षण खात्याला, माहितीस्तव प्रती नऊ कार्यालयांना. स्पीड पोस्टने रवाना.
महादेवीने विचारलं, शाळेला एक प्रत दिली का? मी म्हटलं, वरून दट्ट्या आला की शाळा आपोआप हलते. ती सुई शोधायला लागली.

२२ ऑगस्ट, गुरुवार
महादेवीची चौथी खेप. आज डॉक्टरबाईंनी दोन्ही पालकांना बोलावलं होतं. मी कळवलं की माझी बाजू अर्जात सविस्तर मांडलेली आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार
सर्टिफिकेट मिळालं. अध्ययन अक्षमता. वाचन आणि लेखन, दोन्ही. बुद्धी उत्तम. परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, अशा सवलती द्याव्यात असं लिहिलंय.
महादेवी कागद हातात धरून पाच मिनिटं नुसती बसली होती. मला वाटलं, वाईट वाटलं तिला. विचारलं तर म्हणाली, वाईट नाही हो. तिसरीत असताना मी हिच्या हातावर पट्टी मारली होती, ते आठवलं.
मी पण एकदा कान धरला होता. पाचवीत. म्हणालो नाही.
अर्ज गेला आणि महिन्याच्या आत सर्टिफिकेट आलं. वरून हालचाल झालेली दिसते.

२४ सप्टेंबर, मंगळवार. ऑफिसात, दुपारी ३
अर्जाला प्रतिसाद आला. सविस्तर लिहितो, कारण रेकॉर्ड.
आवकच्या शिपायाने टेबलावर एक जाड लखोटा ठेवला. म्हणाला, साहेब, कालव्याचं हाय. उघडला तर माझाच अर्ज. मूळ प्रत, अकरा पानं. सोबत पत्र: ‘विषय आपल्या कार्यालयाशी संबंधित असल्याने योग्य त्या कार्यवाहीस्तव वर्ग.’
जुन्या नमुन्यावर मजकूर चढवताना विषयाची ओळ तशीच राहिली होती. ‘वितरिका क्र. ३ वरील पाणीगळतीबाबत.’ आत अकरा पानं दानू. पण आत कोण वाचतं.
म्हणजे शिक्षण खात्याकडून फिरत फिरत दानूची केस शेवटी कार्यवाहीसाठी माझ्याच टेबलावर आली.
एका अर्थी योग्य हातात आली.

त्याच दिवशी, ४.३०
साहेबांनी विचारलं, त्या गळतीचं काय झालं? म्हणालो, बघतो, सर. ते म्हणाले, तीन नंबरची वितरिका दोन वर्षांपूर्वीच दुरुस्त झाली ना? अर्जदाराला तसं कळवून टाका.
स्वतःला पत्र लिहिलं. गळती बंद आहे, अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. सही केली. जावक क्रमांक टाकला.

२६ सप्टेंबर
गळतीचं पत्र घरी पोचलं. महादेवीने फोडलं. बराच वेळ पदराने तोंड पुसत होती. दानूने विचारलं, काय लिहिलंय, आई? महादेवीने मोठ्याने वाचून दाखवलं. दोघी फरशीवर बसून हसल्या. मला राग आला नाही. दानूला इतकं हसताना बघून बरेच दिवस झाले होते.
असो. शनिवारी हिरेमठ बाईंची वेळ ठरली आहे. वेळ महादेवीने मागून घेतली. बोलणार मात्र मी.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
भाषण तयार. चौदा मुद्दे. आरशासमोर दोनदा म्हटलं. सातव्या मुद्द्याला आवाज चढवायचा. दोघींना सूचना दिली: तुम्ही गप्प बसायचं, मी इशारा केला की महादेवीने सर्टिफिकेट पुढे करायचं.
इशारा: चष्मा काढणे.

२८ सप्टेंबर, शनिवार. दुपारी
जे झालं ते क्रमाने.
बाईंच्या केबिनमध्ये आम्ही तिघं आणि सलगर सर. बाईंनी रजिस्टर उघडलं आणि मला विचारलं, तुकडी? मी म्हणालो, ब. दानू म्हणाली, क, पप्पा.
यामुळे सुरुवातीची लय गेली.
पहिला मुद्दा मांडला, शिक्षणाचं महत्त्व. बाई म्हणाल्या, ते मला माहीत आहे, मी मुख्याध्यापिका आहे. दुसऱ्या मुद्द्याला त्या म्हणाल्या, अळगी, मला तिचं वाईट करायचं नाही. पण एकीला रायटर दिला की चाळीस पालक मागतील. मला संस्थेला उत्तर द्यावं लागतं. सतरा नंबर काय वाईट आहे, तुम्हीच सांगा.
मी सातव्या मुद्द्यावर उडी मारणार होतो. तोंडातून आलं, बाई म्हणतात त्यातही तथ्य आहे.
का आलं माहीत नाही. बावीस वर्षांची सवय.
दानूने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मला घाम आला म्हणून चष्मा काढला. महादेवीला तो इशारा वाटला, तिने सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. म्हणाली, बाई, चाळीस पालक मागतील तर त्यांनीपण चार गुरुवार रांगेत बसून हे आणू दे की. ज्यांच्या पोरांना गरज आहे तेच आणतील.
बाई सर्टिफिकेट वाचत होत्या. तेवढ्यात दानू बोलली. उभी राहून, पण हळू. म्हणाली, बाई, मला बाहेरून बसायचं नाही. मला वर्गात बसून कळतं. तुम्ही प्रश्न वाचून दाखवा, मी सांगते. आत्ता विचारा.
बाईंनी सलगर सरांकडे बघितलं. सरांनी खिडकीत पडलेलं विज्ञानाचं पुस्तक उचललं आणि त्यांच्याकडे दिलं. बाईंनी मधलंच पान उघडून विचारलं, कुकरमध्ये अन्न लवकर का शिजतं.
दानूने सांगितलं. दाब, पाण्याचा उत्कलनबिंदू, शिट्टीचं वजन, सगळं. मग म्हणाली, आमच्या आईचा कुकर जुना आहे, रिंग सैल आहे, म्हणून आमची डाळ कच्ची राहते. सर हसले. बाईंनी अजून एक प्रश्न विचारला, मग अजून एक. चौथ्या प्रश्नाला त्या पुस्तकात बघत नव्हत्या, दानूकडे बघत होत्या.
शेवटी म्हणाल्या, या सत्राला रायटर देऊ. आठवीतली मुलगी बघा, सर. वेळ पण वाढवू. दहावीचं बोर्डाकडे मी पाठवते, सर्टिफिकेटची झेरॉक्स द्या. मग मला म्हणाल्या, तुमचा काही अर्ज आहे का सोबत?
मी म्हटलं, नाही.

२९ सप्टेंबर, रविवार
शांतपणे विचार करता मीटिंग यशस्वी झाली. माझी भूमिका संयमाची होती. सगळ्यांनीच आक्रमक होऊन चालत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार
परीक्षा सुरू. ऑफिसला जाताना दानूला शाळेपर्यंत सोडलं. फाटकात म्हणाली, पप्पा, ती रायटर मी सांगते तसंच लिहील का? मला सात-आठ प्रेरणादायी वाक्यं पाठ होती. एकही आठवलं नाही. तिचं दप्तर धरून उभा राहिलो, घंटा होईपर्यंत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
निकाल. विज्ञान ६८, मराठी ५४, गणित ४७. गेल्या वर्षी विज्ञानात १९ होते. सलगर सरांनी फोन करून सांगितलं, फोन महादेवीला केला.
संध्याकाळी अजून एक बातमी. सरांनी आमचं नाव काही पालकांना सांगितलंय. केम गावाहून एक गृहस्थ, ज्ञानबा, त्यांच्या मुलीला घेऊन रविवारी येणार आहेत. मार्गदर्शनासाठी.
अपेक्षितच होतं. अनुभवी माणसाकडे लोक येणार.
तयारी: फाईल वर काढणे. खुर्च्या चार. इस्त्रीचा शर्ट.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६
सकाळच्या गाडीने ज्ञानबा आले. शेतकरी माणूस, टोपी हातात. मुलगी श्रावणी, सहावीत, बापाच्या मागे लपलेली. महादेवी आणि दानू बाजारात गेल्या होत्या. मी फाईल उघडली. अनुक्रमणिकेपासून समजावून सांगितलं. शासनस्तर, नऊ प्रती, पाठपुरावा. ज्ञानबांनी अर्धा तास मान हलवली. मग नम्रपणे म्हणाले, सायेब, लई कष्ट घेतलं तुमी. ताई कवा येत्याल?
ताई आल्या. महादेवीने पाच मिनिटांत सांगितलं: कुठल्या दिवशी जायचं, कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं, डबा न्या, पोरीची जुनी वह्यापुस्तकं न्या, डॉक्टरबाई ओरडत नाहीत. ज्ञानबांनी हे तळहातावर लिहून घेतलं.
चहा करायला कोणी मोकळं नव्हतं म्हणून मी आत गेलो.
दानू श्रावणीला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. श्रावणी पहिल्यांदाच बोलत होती. विचारत होती, तुला पण उलटं दिसतं का, बाई मारत्यात का, तू घाबरलीस का. दानू सगळ्याची उत्तरं देत होती, घाई न करता. मगर भजीची गोष्ट पण सांगितली. या वेळी दोघी हसल्या.
मग श्रावणीने विचारलं, माझे आप्पा म्हणायलेत की मोठ्या बाईंसमोर त्यांना बोलता यायचं न्हाय. तुझ्या पप्पांनी काय केलं?
मी गॅस बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून.
दानूने कपाळ खाजवलं. आठवत असावी. मग म्हणाली, ते पण आले होते.
आलो होतो, हे खरं आहे.